रामकाठीच्या बियाला रामकाठीच येते का? बाभळीच्या वाणांविषयी एका शेतकऱ्याला उत्तर

आटपाडी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या बांधावर तीन तऱ्हेच्या बाभळी आहेत. एक सरळ उभी, फांद्या वर आवळून धरलेली, तिला रामकाठी म्हणतात. दुसरी पसरट, शेंगेला दर बियामागं बारीक गळा. तिसरी बुटकी, वाकडीतिकडी, शेंग रुंद. या तीन जाती की एकच? मागं एका रोपवाटिकेतून रामकाठी म्हणून रोपं आणली, त्यातली निम्मीअधिक पसरली. आबा म्हणतात, रामकाठीच्या बियाला रामकाठीच येते, तुला फसवलं. आता नव्या बांधावर रामकाठीच लावायची आहे, शाळूवर सावली नको. बी कुठलं घेऊ? आणि या पसरलेल्या झाडांचं काय करू?"

फसवलं, असं मी लगेच म्हणणार नाही. रोपवाटिकावाल्याने रामकाठीच्याच झाडाचं बी गोळा केलं असेल, पिशवीवर तेच लिहिलं असेल, आणि तरीही रोपं पसरली असतील. बियाची आई डोळ्यांना दिसते, बाप दिसत नाही. तुमच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर इथेच येऊन थांबतं, म्हणून तिथपर्यंत जरा सावकाश जाऊ.

आधी नावांचा घोळ निस्तरायला हवा, कारण आपल्याकडे काटा दिसला की बाभूळ म्हणायची सवय आहे. सुबाभूळ ही बाभूळ नव्हे; ती मेक्सिकोकडची, बिनकाट्याची, पांढऱ्या गोंड्यांची. रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ दूरची नातेवाईक, तिला काटा नाही आणि पानाच्या जागी चपटा देठ असतो. देवबाभूळ वेगळी, हिवर वेगळा. सगळ्यात मोठा गोंधळ 'वेडी बाभूळ' या नावाचा. माणदेशात आणि जतकडे आज कुणी वेडी बाभूळ म्हणालं तर बहुतेक वेळा त्याच्या डोळ्यांपुढे प्रोसोपिस असते: ओढ्याकाठी, गायरानात माजलेली, पिवळी चपटी गोड शेंग येणारी, तोडली की दुप्पट फुटणारी. ती दक्षिण अमेरिकेच्या बाजूची असून भारतात १८७७ च्या सुमारास आली. तिच्या फुलाची लोंबी असते, लांबट आणि फिकट. बाभळीचं फूल म्हणजे गोल, पिवळाधमक गोंडा. फुलोऱ्यात पाहिलं तर चूक होणं शक्य नाही.

पण जुन्या माणसांची वेडी बाभूळ प्रोसोपिस नव्हती, ती बाभळीचाच एक वाण होती. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद करणारे थिओडोर कुक, जे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते, त्यांनी या वाणाला शास्त्रीय नाव देतानाही 'वेदियाना' असंच दिलं. तुमच्या बांधावरची तिसरी, बुटकी आणि रुंद शेंगेची, ती बहुधा हीच. एकदा गोंडा पाहून खात्री करून घ्या.

तर जात एकच. लिनियसने १७५३ मध्ये इजिप्तच्या नाईलवरून तिला 'निलोटिका' म्हटलं, पुढे ती अकेशिया निलोटिका झाली. आता नव्या पुस्तकांत ती व्हॅशेलिया निलोटिका म्हणून सापडेल. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झालं, आणि आपली बाभूळ घरातच असून तिचं आडनाव बदललं. शेतकऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. रोपवाटिकेच्या कागदावर दोन्हींपैकी कोणतंही नाव दिसलं तरी झाड तेच.

सेनेगलपासून भारतापर्यंत पसरलेल्या या एका जातीच्या साधारण नऊ उपजाती मानतात. त्या ओळखण्याची पहिली खूण शेंग. काही उपजातींत शेंगेच्या कडा सरळ जातात, काहींत दोन बियांच्या मध्ये शेंग इतकी आवळते की मणी ओवल्यासारखी दिसते. काहींच्या शेंगेवर दाट पांढरट लव, काहींची शेंग जवळजवळ गुळगुळीत. आपल्याकडची मुख्य बाभूळ 'इंडिका' उपजातीची: आवळलेली, लव असलेली शेंग. रामकाठीची वेगळी उपजात मानतात, नाव 'कुप्रेसिफॉर्मिस', म्हणजे सरूच्या आकाराची. ते नाव पंजाबात काम केलेल्या जे. एल. स्ट्युअर्टने एकोणिसाव्या शतकात दिलं. तिकडे या झाडाला काबुली कीकर म्हणतात. रामकाठीची शेंग मात्र गोडी म्हणजे पसरट बाभळीच्या शेंगेच्या इतकी जवळ असते की नुसती शेंग हातात देऊन कुणी ओळखा म्हटलं तर मी पैज लावणार नाही.

आता तुमच्या बांधावर येऊ. पसरट बाभळीला कुणी गोडी म्हणतं, कुणी तेलिया. जमीन खोल असेल तर तिचं खोड चांगलं सरळ, जाड होतं आणि वर छत्री धरते. सुताराला विचारा, तो कुळवाचं दिंड, गाडीच्या चाकाचे आरे यांसाठी हिचाच बुंधा शोधत यायचा. आतलं लाल-तपकिरी लाकूड टणक आणि चिवट. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र किडा पोखरतो, म्हणून जुने लोक ओंडका कितीतरी दिवस विहिरीत नाहीतर डबक्यात बुडवून ठेवायचे. वेडीचं खोड आखूड, साल खडबडीत, फांद्या बुडापासूनच वेड्यावाकड्या. तिचं लाकूड जळणालाच. जळण म्हणूनही कमी लेखू नका, बाभळीच्या गाभ्याचा उष्मांक किलोला ४,९५० किलोकॅलरीच्या आसपास भरतो. रामकाठी उंच, सडपातळ, आणि तिची खरी किंमत लाकडापेक्षा जागेत आहे. ती बांधावर उभी राहते आणि सावली बांधापुरतीच टाकते. माण तालुक्यासारख्या ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या भागात शाळूची एकेक ओळ महत्त्वाची, तिथे शेतकऱ्याने ही निवड विनाकारण केलेली नाही. (सावली कमी झाली तरी मुळांची ओढ राहतेच. बांधालगतची ओळ थोडी मार खाणार, हे धरून चाला.)

तुम्ही आटपाडीचे, तुम्हाला खिलार समजावून सांगण्यात अर्थ नाही. आटपाडी महालचं खिलार वेगळं, म्हसवडचं वेगळं, खानदेशाकडचं थिल्लारी वेगळं. चण, रंग, शिंगाची ठेवण पाहून जाणता माणूस जनावर कुठलं ते सांगतो, पण जात खिलारच, आणि एकमेकांत संकर झाला तर वासरात दोन्हींकडचं उतरतं. बाभळीच्या वाणांचं तसंच आहे. फरक एवढाच की खरसुंडीच्या बाजारात हिंडून तुम्ही वळू पारखून घेता. बाभळीचा वळू मधमाशी निवडते.

यापुढचा भाग महत्त्वाचा आहे. झाडात दिसणारा प्रत्येक फरक रक्तातला नसतो. काही फरक मातीने, पाण्याने, शेळीने आणि कोयत्याने केलेले असतात. मुरमाड टेकाडावर खुरटलेली गोडी बाभूळ वेडीसारखी दिसते. दाटीत वाढलेली गोडी उजेडासाठी सरळ वर जाते आणि रामकाठी असल्याचा भास देते. दरवर्षी उन्हाळ्यात शेळ्यांसाठी डहाळ्या उतरवलेली बाभूळ तर हमखास फसवते, कारण बाजूच्या फांद्या राहतच नाहीत, नवे फुटवे सरळ वर येतात. काट्यांचंही असंच. लहान रोपाला आणि शेळीचं तोंड पोहोचतं तिथवरच्या फांद्यांना लांब पांढरे काटे जोडीजोडीने असतात. त्याच झाडाच्या शेंड्याला काटे तुरळक, आखूड. "बिनकाट्याची बाभूळ" म्हणून मला दाखवलेली झाडं बहुतेक म्हातारी झाडं होती, वेगळा वाण नव्हे.

खरी रामकाठी ओळखायची तर शेंडा पाहू नका, सांधा पाहा. मूळ खोडातून फांदी जिथे निघते तिथे हात ठेवा. रामकाठीत फांदी निघतानाच अरुंद कोनात निघते आणि खोडाला जवळजवळ चिकटून वर जाते. त्या बेचक्यात बोट नीट घुसत नाही, साल एकमेकींत दबलेली असते. आणि हे बुडाजवळच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत सगळीकडे सारखं असतं. छाटून उभी झालेली गोडी असेल तर जुना सांधा रुंद कोनाचा दिसतो, तिथे तोडलेल्या फांदीचा खुंट किंवा गाठ असते, आणि त्या गाठीतून फुटवे सरळ वर गेलेले असतात. आणखी एक पाहायचं: ज्या बाजूला भरपूर मोकळी जागा आहे त्या बाजूची फांदी काय करते? मोकळ्या रानातही ती वरच गेली असेल तर ते रक्तातलं आहे. दाटीतल्या झाडाची फांदी मोकळी जागा मिळाली की बाहेर झुकते.

याहून खात्रीची रीत एकच, आणि वनसंशोधनात ती नेहमी वापरतात. वेगवेगळ्या झाडांचं बी एकाच रानात, एकाच पावसावर शेजारीशेजारी लावायचं. माती, पाणी सगळ्यांना सारखं मिळाल्यावर जो फरक उरतो तो बियातून आलेला. रामकाठीचा उभेपणा या परीक्षेत टिकतो. खोडाचा घेर, उंची, किती वर्षांत शेंग धरते, हे मात्र मातीबरोबर खूप हलतं. म्हणून सगळ्यात मोठं झाड तेच सगळ्यात चांगलं बी देणार असं समजू नये. ओढ्याच्या काठचं झाड थोराड दिसतं ते ओढ्यामुळे असू शकतं. त्याच्यापेक्षा माळावर, इतरांच्या बरोबरीच्या मातीत, शेजाऱ्यांहून सरस वाढलेलं झाड बियासाठी मला जास्त मोलाचं वाटतं.

आता बापाकडे. बाभळीच्या एका गोंड्यात दाटीने कितीतरी बारीक फुलं असतात. बहुतेक गोंडे वाळून गळतात, मोजक्यांनाच शेंग धरते. परागीकरण बहुतांशी परक्या झाडाच्या परागाने होतं, आणि ते काम मधमाश्या आणि इतर लहान माश्या करतात. मधमाशी एक-दोन किलोमीटर सहज हिंडते. म्हणजे तुमच्या रामकाठीपासून नजरेच्या टप्प्यात जितक्या गोडी आणि वेडी बाभळी आहेत, त्या सगळ्या तुमच्या बियाच्या बाप होऊ शकतात. आटपाडी, खानापूर, माण, खटाव या पट्ट्यात गोडी बाभूळ जास्त, रामकाठी विरळ. पराग संख्येने जिचे जास्त, बाप होण्याची संधी तिची जास्त. मग निम्मीअधिक रोपं पसरली याचं नवल वाटायला नको.

इथे बाभळीची एक खुबी सांगतो, जी फार लोकांना ठाऊक नसते आणि रोपवाटिकेत विलक्षण उपयोगी पडते. बऱ्याच झाडांचा पराग सुट्या कणांचा असतो. बाभळीचा तसा नसतो. तिचे १६ परागकण एकत्र चिकटून एक गोळी बनते आणि ती गोळी अख्खीच्या अख्खी माशीच्या अंगाला लागून जाते. फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकाला जो बारीकसा खळगा असतो त्यात साधारण एकच गोळी मावते. शेंगेत बिया ८ ते १२ च्या आसपास. म्हणजे एका गोळीतले कण अख्खी शेंग भरायला पुरतात. परिणामी एका शेंगेतल्या सगळ्या बिया बहुधा एका आईच्या आणि एकाच बापाच्या, सख्ख्या भावंडांसारख्या. शेजारच्या शेंगेचा बाप मात्र वेगळा असू शकतो. झाड एक, शेंगा शेकडो, बाप कितीतरी.

म्हणून मी रामकाठीचं बी कधी पोत्यात एकत्र झोडपत नाही. शेंग हाताने मोडायची, एका शेंगेच्या बिया एका कागदाच्या पुडीत, आणि वाफ्यावर एका शेंगेची एक ओळ. कटकट आहे, मजूर कुरकुरतात. पण दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस फांद्यांचा कोन दिसू लागतो तेव्हा चित्र स्पष्ट होतं: काही ओळी आख्ख्या उभ्या, काही आख्ख्या पसरट, आणि काही सरमिसळ. पसरट ओळ सरळ बाजूला काढता येते. पोत्यातलं बी लावलं असतं तर एकेक रोप तपासत बसावं लागलं असतं. सरमिसळ ओळीतलं उभं रोप लाकडासाठी ठेवायला हरकत नाही, पण पुढच्या पिढीचं बी मी त्याच्यावरून घेत नाही.

मधल्या रूपाची झाडंही येतात. खाली पसरट, वर आवळलेली, किंवा कोन ना धड रुंद ना धड अरुंद. यामागे आणखी एक कारण आहे. आपल्या शरीरात गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून, एक बापाकडून. भारतातल्या बाभळीत साधारण ५२ गुणसूत्रं असतात, आणि मूळ संच १३ चा. म्हणजे चार संच. नाईलच्या बाजूच्या काही बाभळींत तर १०४ आढळतात. चार संच असल्यावर एखादा गुण दोन-चार पिढ्या झाकून राहू शकतो आणि मग एखाद्या ओळीत अचानक डोकं वर काढतो. उभ्या झाडाच्या उभ्या लेकराला पसरट नातवंड होणं हे बाभळीत अशक्य नाही. आबांचं म्हणणं त्यांच्या काळात खरं ठरलंही असेल, कारण तेव्हा गावाच्या एखाद्या भागात रामकाठीचा अख्खा घोळका असायचा आणि आई-बाप दोन्ही त्यातलेच मिळायचे. आता घोळके तुटले, एकेकटी झाडं उरली.

मग एकट्या, दूर उभ्या असलेल्या रामकाठीचं बी घ्यावं का? आजूबाजूला दुसरी बाभूळच नाही, म्हणजे बाप तीच, असं वाटतं. पण अशा झाडाला बी कमी भरतं, आणि स्वतःच्याच परागाने धरलेल्या बियाची रोपं दुबळी निघतात. एकटं झाड हा उपाय नाही. दहा-बारा तरी रामकाठी एकत्र आहेत असा पट्टा शोधा. असे पट्टे अजून सापडतात. जुने बांध, एकाच भावकीच्या लागून असलेल्या वावरांत. त्या घोळक्याच्या मधल्या झाडांवरून बी घ्या, कडेच्या नको, कारण कडेच्या झाडांना बाहेरचा पराग आधी भेटतो. आणि एकाच झाडावरून सगळं बी घेऊ नका. सात-आठ, जमलं तर जास्त झाडांवरून थोडं थोडं घ्या. सगळी रोपं एकाच आईची झाली आणि तिच्या वंशात एखाद्या किडीला बळी पडण्याची खोड असली तर आख्खा बांध एकदम जाईल. शिवाय उद्या त्याच बांधावरून पुढचं बी धरायचं म्हटलं तर सगळी भावंडं, हेही आलंच.

बाभळीसारख्या दूरवर पसरलेल्या, परपरागीकरण होणाऱ्या झाडांत आनुवंशिक वैविध्याचा मोठा वाटा एकाच शिवारातल्या झाडाझाडांमध्ये असतो. गाव आणि गाव यांच्या सरासरीतला फरक त्या मानाने लहान. आपल्या भागात याला मेंढपाळही कारण आहेत. कळप माण-आटपाडीतून पावसाच्या आणि बागायती मुलखाकडे जातात, परत येतात, रात्री कुणाच्या तरी रानात बसवले जातात. खाल्लेल्या शेंगेचं टणक बी लेंडीतून बाहेर पडतं, आणि शेळ्या तर रवंथ करताना बऱ्याच बिया तोंडातूनच टाकतात. एका तालुक्यातलं बी दुसऱ्या तालुक्यात जायला वाहन लागत नाही. त्यामुळे "आमच्या गावचाच वाण" असं कुणी छातीठोक सांगितलं की मी मान डोलावतो, पण बी घेताना झाड पाहूनच घेतो.

तरीही जमिनीच्या बाबतीत एक गोष्ट जपावी. बाभूळ चोपण आणि क्षारपड जमीन बऱ्यापैकी सोसते, काही काळ साचलेलं पाणीही सोसते, पण प्रत्येक झाड सारखं सोसत नाही. मिरज-वाळव्याकडे, कृष्णाकाठी, ऊसपट्ट्यात जिथे मीठ वर आलंय तिथे लावायचं असेल तर तिथेच तग धरून वाढलेल्या झाडांचं बी घ्यावं. माळावरचं बी तिथे नेऊन वाया घालवू नये, आणि उलटही करू नये. तुमच्यासाठी हा मुद्दा गौण आहे, तुमची जमीन आणि बियाची जमीन जवळपास सारखीच.

उपजातीचा फरक नुसता पुस्तकी नसतो, याचं एक उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. क्वीन्सलँडमध्ये १८९० च्या दशकात बाभूळ नेली गेली, पुढे मेंढ्यांना सावली आणि शेंगा म्हणून मुद्दाम लावली. आपल्या माणदेशासारखाच हिशेब. तिथे ती इतकी माजली की १९५७ मध्ये तिला अधिकृतपणे तण ठरवावं लागलं. आज ६० लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्रात ती पसरली आहे. तिला खाणारे कीटक शोधताना आधी इतर उपजातींवरचे कीटक आणून पाहिले, त्यांतले कित्येक तिथे टिकलेच नाहीत. डीएनए तपासल्यावर ती इंडिका उपजातीची, भारत-पाकिस्तानकडची निघाली, आणि मग कीटकांचा शोध भारतात, तमिळनाडूत, घेतला गेला. माणसाला दोन्ही झाडं बाभूळच दिसतात, किड्याला नाही.

आता कामाचं. शेंगा आपल्याकडे चैत्र-वैशाखात पिकतात. जमिनीवर पडलेल्या गोळा करू नका, त्या कुठल्या झाडाच्या ते कळत नाही आणि भुंगेरा आधीच आत शिरलेला असतो. खाली कापड अंथरून, निवडलेल्या झाडाची फांदी हलवून उतरवा. दोन दिवस उन्हात वाळवा, शेंग मोडा. बियाला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तर ते फेका. उरलेलं पाण्यात टाकून तरंगणारं काढा. किलोत साधारण ७ ते ११ हजार बिया येतात, त्यामुळे बांधापुरतं बी ओंजळभर पुरे, उगाच पोतं भरू नका. कवच टणक असतं. उकळतं पाणी आचेवरून खाली उतरवून त्यात बी टाकायचं आणि तसंच थंड होऊ देऊन एक दिवस-रात्र ठेवायचं. बी चुलीवर पाण्यात शिजवू नका, तसं करणारे लोक मी पाहिले आहेत. फुगलेलं बी पेरायचं. न फुगलेलं पुन्हा एकदा गरम पाण्यातून काढायचं. शेळ्यांच्या वाड्यातलं बी सहज उगवतं, पण त्याची आई कोण ते शेळीलाच ठाऊक, म्हणून रामकाठीसाठी ते उपयोगाचं नाही.

पिशवीत रोप करण्यापेक्षा थेट बांधावर टोकण मला जास्त पटते. बाभळीचं सोटमूळ झपाट्याने खाली जातं, पिशवीत ते तळाला गुंडाळतं आणि पुढे दुष्काळी वर्षात तेच झाड आधी मान टाकतं. पावसाच्या तोंडावर चार-पाच मीटरवर आळं करून एकेका आळ्यात एकाच शेंगेच्या तीन-चार बिया टाका. आळ्याला खुंटी मारून शेंग कुठल्या झाडाची ते लिहून ठेवा. पहिली दोन वर्षं शेळी-मेंढीपासून सांभाळा, कुंपणाला बाभळीचाच काटा आहे. दुसऱ्या पावसाळ्याअखेर सांधे पाहून एकेका आळ्यात सगळ्यात उभं रोप ठेवा, बाकीची उपटा. एखाद्या आळ्यात सगळीच पसरट निघाली तर ते आळं पुन्हा टोका. रामकाठीची फांदी लावून रोप करता येईल का, असं पुष्कळजण विचारतात; बाभळीची फांदी सहज मूळ धरत नाही, त्यात वेळ घालवू नका.

राहिली तुमच्या जुन्या बांधावरची पसरलेली झाडं. ती उपटू नका, गोडी बाभूळ म्हणून ती चांगलीच आहेत. शाळूच्या बाजूच्या फांद्या दर उन्हाळ्यात उतरवा, डहाळी शेळ्यांना जाईल. खोडाला मात्र कोयता लावू नका आणि शेंडा मारू नका. खोड सरळ वाढू दिलं तर पुढे औताला लाकूड होईल. दर तिसरं झाड काढून अंतर वाढवलं तरी चालेल. फक्त एक सांभाळा: नव्या बांधावरची रामकाठी गोंड्यावर आली की हीच झाडं तिच्या बियाचे बाप होतील. तुमच्या रामकाठीचं बी कुणी मागायला आलं तर ही शेजारची झाडंही त्याला दाखवा, आणि बी पोत्यात न देता शेंगेशेंगेने वेगळं करून द्या.